नावाजलेला गडी आणि जिंकणारा संघ

सिद्धार्थ देसाई हा चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा गडी. 2018 च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं, तेव्हा कोल्हापूर-सांगलीबाहेर त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्या हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले आणि यू मुंबा बाद फेरीत गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर 1 कोटी 45 लाखांची बोली लावली. त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी रक्कम होती. सिद्धार्थनेही पैसे फेडले. पुन्हा दोनशेच्या वर गुण, पुन्हा तीच उंच देहाची, पकड तोडून मध्यरेषा गाठणारी चढाई. तरी हंगाम संपला तेव्हा बारा संघांच्या तक्त्यात तेलुगू टायटन्स अकरावा होता.

गडी तोच, गुणही तितकेच, मग संघ तळाला कसा गेला? सांगली जिल्ह्यातल्या पलूस, कुंडल, दुधोंडी, अंकलखोप या पट्ट्यात हा प्रश्न नुसत्या कबड्डीप्रेमाचा नाही. पोराला तालमीत घालायचं की मैदानावर, घालायचं तर नावाजलेल्या पैलवानांच्या तालमीत की गावातल्याच वस्तादाकडे, हे इथल्या घरांत दरवर्षी ठरवावं लागतं. तालमी आणि मंडळंही याच विचारात असतात. स्पर्धा जिंकायची तर बाहेरून तयार गडी आणावेत, की आहेत ती पोरं घडवावीत? मोठं नाव आणल्याने संघ मोठा होतो का, हे तपासायला आता भरपूर माहिती हाताशी आहे आणि ती नीट पाहिली तर उत्तर वाटतं तितकं सरळ निघत नाही.

आधी कबड्डीचे नियमच पाहू, कारण सिद्धार्थच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. सात जण मैदानात असतात. चढाईला गेलेला गडी पकडला गेला की तो बाहेर बसतो आणि त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केल्याशिवाय आत येत नाही. जितके बाद कराल तितके आपले उठतात, तेही बाद झालेल्या क्रमानेच. म्हणजे संघातला सगळ्यात भारी चढाईपटू पकडला गेला, की त्याला पुन्हा मैदानात आणण्याचं काम उरलेल्या सहा जणांवर पडतं. दुसरा चढाईपटू कच्चा असला आणि कोपऱ्यातले पकड करणारे ढिले असले, तर दीड कोटींचा गडी पाच-पाच मिनिटं बाकावर बसून सामना बघतो. चाळीस मिनिटांच्या खेळात पाच मिनिटं म्हणजे फार झाली.

त्यात समोरचा संघही हुशार असतो. एकाच गड्यावर सगळी भिस्त आहे हे कळलं, की ते त्यालाच जाळ्यात ओढतात. दोन चढाया कोऱ्या घालवून तिसरी, करो या मरोची चढाई त्याच्यावर यावी अशी आखणी करतात. तिथे गुण घेणं भाग असतं, त्यामुळे त्याला आत शिरावंच लागतं आणि डाव्या कोपऱ्याने घोटा धरला की उजवीकडची साखळी वरून येऊन बसते. साखळी म्हणजे हात धरून उभे असलेले दोन बचावपटू. एकाने पाऊल आधी टाकलं आणि दुसऱ्याने अर्ध्या क्षणाने उशिरा टाकलं, तर चढाईपटू त्या फटीतून निसटतो. ही वेळ जुळवणं लिलावात विकत मिळत नाही. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहिल्यावर ती जुळते.

आता पैशांचं गणित. दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर 5 कोटींपर्यंतच खर्च करता येतो. 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. अर्ध्याहून जास्त पैसे एका गड्यावर गेले. संघात निदान अठरा जण हवेत, म्हणजे उरलेल्या सतरा जणांना सरासरी चौदा लाख आले. क गटातल्या खेळाडूची मूळ बोलीच 13 लाखांपासून सुरू होते. पवन त्या हंगामात वाईट खेळला असं कुणी म्हणणार नाही. पण टायटन्सने 22 पैकी फक्त दोन सामने जिंकले आणि तो संघ शेवटचा आला.

याच पवनची आदल्या वर्षीची गोष्ट याहून बोलकी आहे. तमिळ थलैवाजने 2022 मध्ये त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांतच त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम तिथेच संपला. संघाचं कंबरडं मोडलं असंच सगळ्यांना वाटलं. मग नरेंदर हा नवखा चढाईपटू पुढे आला, बचावाच्या पोरांनी तोल सांभाळला आणि आजवर कधीही बाद फेरी न पाहिलेला थलैवाज उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तिथे पुणेरी पलटणकडून अवघ्या दोन गुणांनी हरला.

परदीप नरवालचंही तसंच. पाटणा पायरेट्सने त्याच्या जोरावर लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली होती. 2021 मध्ये पाटण्याने त्याला सोडलं आणि यूपी योद्धाने 1 कोटी 65 लाखांना घेतलं. त्या हंगामात साखळी फेरीत अव्वल कोण आलं? परदीप नसलेला पाटणा. उपांत्य सामन्यात त्यांनी परदीपच्या योद्धालाच हरवलं. अंतिम सामना ते दबंग दिल्लीकडून एका गुणाने हरले, एवढंच. त्या वर्षी पाटण्याच्या बचावात एक इराणी पोरगा होता, मोहम्मदरेझा शादलू.

या शादलूमुळे आत्तापर्यंतच्या सगळ्या बोलण्याला खीळ बसते. 2023 मध्ये पुणेरी पलटणने त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. हंगामातला सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा चषक उचलला. पुढच्या लिलावात हरियाणाने त्याच्यासाठी 2 कोटी 7 लाख मोजले आणि डिसेंबर 2024 मध्ये बालेवाडीत पाटण्याला हरवून हरियाणा विजेता झाला. दोन वर्षं, दोन संघ, दोन विजेतेपदं. मग गडी महत्त्वाचा नाही असं म्हणायचं तरी कसं?

पण तो कुठल्या घरात गेला हेही बघावं लागतं. पलटणने शादलूवर निम्मे पैसे घातले तेव्हा बाकीचा संघ त्यांनी आधीच घरात वाढवलेला होता. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघेही नवोदित म्हणून त्यांच्याकडे आलेले. आकाश शिंदे, पंकज मोहिते, गौरव खत्री ही पोरंही एकत्र खेळून तयार झालेली. पलटणची स्वतःची युवा फळी आहे, ती वर्षभर सराव करते आणि नवोदितांचा मेहनताना लिलावाच्या बोलीपेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणून शादलूला अडीच कोटींच्या आसपास देऊनही त्यांची झोळी रिकामी झाली नाही. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला, शादलू नव्हे, आणि अंतिम सामन्यात चढाईचं ओझं पंकजने उचललं. हरियाणाही आदल्या वर्षीचा उपविजेता होता. जयदीप, राहुल, विनय आणि आपला शिवम पठारे हे गडी मनप्रीत सिंग यांच्या हाताखाली आधीपासून एकत्र होते. एक खण कमी पडत होता, तो शादलूने भरला. 2025 मध्ये तोच शादलू 2 कोटी 23 लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला आणि गुजरात बाद फेरीतही पोहोचला नाही.

माझं म्हणणं यातून ठरतं ते असं. मोठा गडी चांगल्या संघाला विजेता करू शकतो, पण कच्च्या संघाला तो चांगला करू शकत नाही. आणि पैशाला मर्यादा असलेल्या ठिकाणी मोठा गडी घेण्याची ताकद त्यालाच असते, ज्याने बाकीचे गडी स्वस्तात, म्हणजे स्वतःच्या मातीत तयार केलेले असतात.

क्रिकेटमध्येही आपल्या सांगलीचंच उदाहरण आहे. माधवनगरच्या घरातून सांगलीच्या मैदानावर जाणारी स्मृती मानधना. ती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात होती, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. लहानपणी ओळखलेली गुणवत्ता पुढे तंतोतंत खरी ठरली असं हे दुर्मीळ उदाहरण. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला तेव्हा बंगळुरूच्या संघाने तिला 3 कोटी 40 लाखांना घेतलं आणि त्या दिवशीची ती सगळ्यात महाग खेळाडू ठरली. संघाकडे एकूण 12 कोटी होते. पहिल्या हंगामात बंगळुरू पहिले पाच सामने ओळीने हरला, आठपैकी दोनच जिंकला आणि पाच संघांत चौथा आला. कर्णधार स्मृतीवर सगळीकडून टीका झाली.

पुढच्या वर्षी, 17 मार्च 2024 ला तोच संघ विजेता होता. कर्णधारही तीच होती आणि यावेळी तिच्या धावाही दुप्पट झाल्या होत्या. पण चषक कुणी जिंकून दिला ते पाहा. अंतिम सामन्यात सोफी मॉलिन्यूने एकाच षटकात तीन बळी घेतले, ती 30 लाखांना घेतलेली. श्रेयांका पाटीलने चार बळी घेतले आणि हंगामात सर्वाधिक बळींचा मानही तिचाच, ती 10 लाखांची. आशा शोभनाने त्याच हंगामात एका सामन्यात पाच बळी घेतले, तीही 10 लाखांची. या दोघी पहिल्या वर्षीही संघात होत्या, त्या पडत्या वर्षातही. त्यांना वेळ मिळाला, त्या पिकल्या आणि मग महागड्या कर्णधाराची किंमत वसूल झाली.

इथे अमेरिकेकडे बघायला हवं, कारण तिथला अनुभव वरवर पाहता याच्या उलट आहे. तिथे कॉलेजांचा फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धडकायचा तो त्यांचा अंगमेहनतीचा खेळ, आपल्याकडच्या कुस्ती मैदानांसारखा गावागावांचा प्राण आहे. शाळेत खेळणाऱ्या पोरांची संख्या दहा लाखांच्या घरात. त्यांना सोळाव्या-सतराव्या वर्षीच पारखी लोक तारे देतात. पाच तारे म्हणजे देशातले अगदी वरचे तीस-पस्तीस जण. मग मोठमोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक पोराच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात, त्याला आपल्याकडे ओढतात. या ताऱ्यांचा आणि जिंकण्याचा संबंध आहे का, हे तिथले लोक अनेक वर्षं मोजत आले आहेत. आणि उत्तर स्पष्ट आहे. संबंध आहे, आणि तो घट्ट आहे. संघात भरती झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पोरं चार किंवा पाच ताऱ्यांची असतील तरच तो संघ राष्ट्रीय विजेता होतो, असा आडाखा एका क्रीडा पत्रकाराने मांडला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट, एलएसयू, क्लेमसन, मिशिगन, सगळे त्यात बसले. जानेवारी 2023 मध्ये टीसीयू हा त्या अर्थाने साधा संघ चिवटपणे अंतिम सामन्यापर्यंत आला आणि ताऱ्यांनी भरलेल्या जॉर्जियाने त्याला 65-7 असं चिरडलं.

मग आपल्याकडे खोटं ठरणारं तिथे खरं का ठरतं? कारण तिथे गुणवत्ता एका ठिकाणी साठवायला आडकाठी नव्हती. कॉलेजच्या खेळाडूंना पगारच नव्हता, तर पगाराची मर्यादा कुठून असणार? शिष्यवृत्तीच्या जागा ठरलेल्या, पंच्याऐंशी, पण त्या सगळ्या उत्तमातल्या उत्तम पोरांनी भरायला मुभा. जॉर्जियाला एक पवन घेऊन बाकी सतरा जागी तडजोड करावी लागत नव्हती. तिला एका वर्षात वीस पवन मिळत. आडाखा नीट वाचला तरी हेच दिसतं, तो एका तारांकित पोराबद्दल बोलतच नाही, निम्म्या संघाबद्दल बोलतो. एका पोराला दिलेला पाच ताऱ्यांचा शिक्का कितीदा तरी चुकतो, पण असे पन्नास शिक्के एका संघात आले की चुका एकमेकींना भरून काढतात आणि सरासरी खरी निघते.

तो आडाखाही अलीकडे मोडला. जानेवारी 2026 मध्ये इंडियाना विद्यापीठ विजेतं झालं. फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हरणारं म्हणूनच ते ओळखलं जायचं. तारांकित पोरं त्यांच्याकडे थोडीच होती. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आधीच्या छोट्या विद्यापीठातून येताना आपले घडवलेले काही खेळाडू बरोबर घेऊन आले होते आणि बाकीचेही बहुतेक वयाने मोठे, चार-पाच वर्षं मैदानात मुरलेले. विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाल्यामुळे सतराव्या वर्षीच्या अंदाजाऐवजी बावीस वर्षांच्या तयार गड्याची प्रत्यक्ष कामगिरी बघून निवड करता आली. माझ्या मते ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे. पारख चुकीची नव्हती, ती फार लवकर केली जात होती.

लवकर केलेल्या पारखीबद्दल संशोधनही आहे. अर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक खेळांमधल्या खेळाडूंच्या कारकिर्दी एकत्र करून पाहिल्या. सतरा-अठरा वर्षांखालच्या गटात आंतरराष्ट्रीय पातळीवर पोहोचलेल्यांपैकी दहातले जवळजवळ नऊ जण मोठेपणी त्या पातळीवर पुन्हा दिसले नाहीत. आणि मोठेपणी आंतरराष्ट्रीय झालेल्यांपैकी पाचातले चार जण लहानपणी त्या पातळीवर नव्हतेच. म्हणजे लहानपणी चमकणारे आणि मोठेपणी चमकणारे हे बहुतांशी वेगवेगळे लोक आहेत. स्मृती मानधना अपवादात मोडते.

हे असं का होतं, याचं एक कारण आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोरांत सहा महिन्यांचा फरक म्हणजे खांद्यात, मांडीत आणि दमसासात दिसणारा फरक. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला पोरगा त्याच वयोगटात शेवटी जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. निवड चाचणीत तो पुढे पळतो, लांब उडी मारतो, म्हणून त्याला निवडतात, चांगला वस्ताद आणि चांगला खुराक देतात आणि मग तो खरंच पुढे जातो. जगभर फुटबॉलच्या आणि हॉकीच्या वयोगटांत हे आढळलं आहे. आपल्याकडच्या एका पिढीत तर यावर आणखी एक थर होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून ही तारीख टाकलेली माणसं घराघरात सापडतील. ज्यांचं खरं वय कागदावर कधी आलंच नाही, त्यांच्यातला कोण वयाने थोराड आणि कोण अंगच्या गुणाने, हे कसं कळणार? आता जन्मनोंदणी नीट होते. पण वयाचा दाखला हातात घेऊन वयोगटाच्या कुस्त्यांत होणारे वाद काही थांबलेले नाहीत.

शिवाय मुलांची वाढ एकाच वेळी होत नाही. मिसरूड लवकर फुटलेला पोरगा चौदाव्या वर्षी गडी वाटतो आणि अठराव्या वर्षी त्याचे बरोबरीचे त्याला गाठतात. तोपर्यंत तो नुसत्या ताकदीवर जिंकत आलेला असतो, डावपेच शिकायची गरजच पडलेली नसते. उलट बारीक चणीच्या पोराला टिकायचं तर घिस्सा, एकेरी पट, भारंदाज हे सगळं आधीच शिकावं लागतं. वस्ताद लोक हे जाणून असतात. नव्या पोराला ते पहिले कित्येक महिने लढायला लावतच नाहीत. पहाटे उठून हौद खणायचा, माती उकरून वरखाली करायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू मुरवायचं, जोर-बैठका मारायच्या आणि मोठ्यांच्या जोडीत काय चाललंय ते बघत बसायचं. खांदा किती रुंद आहे यापेक्षा तो पोरगा तिसऱ्या महिन्यातही पहाटे चारला उठतोय का, हे वस्तादाला कळून घ्यायचं असतं. एका सकाळच्या चाचणीत ते कळत नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना त्यांची किरकोळ अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी कॉलेजच्या स्पर्धेत त्यांचं नाव घ्यायलाच नकार दिला होता. ते प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना एकामागून एक पाडलं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला मॅटची सवय नसताना ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते, तेव्हा याच खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढची चव्वेचाळीस वर्षं, लिअँडर पेसपर्यंत, दुसरं कुणी आणू शकलं नाही. पारख करण्याचं काम ज्यांचं होतं, त्यांच्या नजरेतून हा गडी निसटला होता. प्राचार्यांनी चाचणीचा निकाल नाही, माणूस पाहिला. मात्र एका खर्डेकरांवर अवलंबून राहणारी व्यवस्था ही काही व्यवस्था नव्हे. दार ठोठावायचं धाडस न झालेले किती खाशाबा असतील!

खुद्द पलूस तालुक्यात या प्रश्नाचं एक जुनं उत्तर उभं आहे, ते खेळातलं नाही पण चपखल आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना टाकला. औंधच्या राजांनी जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिलं होतं. माळ ओसाड, पाणी नाही, निवडुंग माजलेला. मुंबई-पुण्याचा नावाजलेला अभियंता तिथे कशाला येईल? लक्ष्मणरावांनी जी माणसं जमवली त्यांत शाळेत मन न रमलेले अनंतराव फळणीकर होते, ते पुढे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाला आले. शंभोराव जांभेकर यंत्रंही बघत आणि आजाऱ्यांना औषधही देत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. रखवालीला दरोड्याची शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली आणि ती विश्वासाला जागली. नांगर, चरक, पंप करता करता ही माणसं घडली आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली, स्टेशनचं नावही बदललं. तारे मोजून भरती केली असती तर यातलं कुणी आत आलं नसतं.

औंधचे तेच राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करणारे. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. आधी निवडायचं आणि मग निवडलेल्यांना शिकवायचं, हा एक मार्ग. आधी सगळ्यांना शिकवायचं आणि वर येईल त्याला वर येऊ द्यायचं, हा दुसरा. पहिला स्वस्त पडतो. थोड्या पोरांवर थोडा खर्च आणि पदकं लवकर दिसतात. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आठ ते चौदा वर्षांच्या मुलांना धावणं, उड्या, चेंडूफेक अशा चाचण्यांतून निवडते, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातल्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत त्याच सुमाराच्या वयात पोरं घेतात. या संस्थांनी गरीब घरांतल्या मुलांना जे दिलं आहे ते दुसऱ्या कुणी दिलं नसतं, आणि ज्यांची निवड झाली त्यांनी जरूर जावं. माझा आक्षेप फक्त एवढाच आहे की ज्या पोराची निवड तेराव्या वर्षी होत नाही, त्याच्यासाठी सोळाव्या वर्षी पुन्हा दार उघडेल अशी जागा तालुक्यात कुठे आहे? त्याला शेतात पाठवलं जातं, नाहीतर साखर कारखान्यावर. आणि मुलींची तर निवड चाचणीपर्यंत पोहोचायचीच पंचाईत. मार्च 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. त्यानंतर आमच्याकडे तालमीत मुलींना घ्या म्हणून आग्रह धरणारे बाप दिसायला लागले, हे फार चांगलं झालं. पण मुली घेणारी, त्यांना वेगळी वेळ आणि बाई प्रशिक्षक देणारी तालीम अजून हाताच्या बोटांवर मोजता येईल.

तालमींबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. कुंडलच्या मैदानात पहिल्या क्रमांकाच्या जोडीला लाखोंची गर्दी लोटते आणि हलगी कडाडते तेव्हा अंगावर काटा येतोच. अशा मैदानासाठी नामांकित मल्ल आणणं हे मैदानाचं काम आहे, लोक त्यासाठीच येतात. पण एखादी तालीम वर्षाला दोन तयार मल्ल बाहेरून आणते, त्यांच्या खुराकाला, बदाम-तुपाला बहुतेक वर्गणी घालते आणि गदा आली की फलकावर आपलं नाव लावते, तेव्हा ती गदा तालमीची की त्या मल्लांच्या मूळ वस्तादाची? त्या दोघांमुळे तालमीत पोरांची भरती वाढते हे खरं आहे, आणि रोज चांगल्या गड्याशी जोड मिळाली तर लहान पोरं शिकतात हेही खरं आहे. अट एकच, की त्या मोठ्या गड्याने लहानांबरोबर जोर केला पाहिजे. तो स्पर्धेपुरता येऊन जात असेल तर शादलू गुजरातला गेला तेव्हा जे झालं तेच होणार.

म्हणून पोराला तालमीत घालू पाहणाऱ्या आईबापाने फलकावरच्या गदा मोजू नयेत. वस्तादाला विचारावं, आठ वर्षांपूर्वी दहा-अकराव्या वर्षी तुमच्याकडे जी पोरं आली होती, ती आज कुठे आहेत? किती टिकली, किती मध्येच सोडून गेली, कुणाचा गुडघा किंवा खांदा गेला, किती जण शिक्षण सांभाळून खेळले, किती सैन्यात किंवा पोलिसांत लागले आणि किती जण अजून मातीत उतरतात? याचं उत्तर ज्या वस्तादाला तोंडपाठ आहे, त्याच्या तालमीत नावाजलेला एकही मल्ल नसला तरी चालेल.

अडचण ही की हे कुणी लिहून ठेवत नाही. जिंकलेल्या कुस्त्यांचे फलक लागतात, सोडून गेलेल्या पोरांची यादी होत नाही. पलूस तालुक्यातल्या प्रत्येक तालमीने, कबड्डी मंडळाने आणि शाळेने एक साधी वही घालावी असं मला मनापासून वाटतं. पोराचं नाव, खरी जन्मतारीख, आलं तेव्हाचं वजन आणि उंची, कुणी शिकवलं, दरवर्षी काय शिकलं, कधी दुखापत झाली आणि सोडलं तर कशामुळे सोडलं. दहा वर्षांनी ती वही उघडली तर कुठल्या चाचणीत पुढे आलेली पोरं खरंच पुढे गेली आणि कुणाला आपण उगाच परत पाठवलं, हे आपल्याच तालुक्याच्या मातीतून कळेल. सुरुवात यंदाच्या जूनमध्ये, शाळा उघडतानाच करता येईल. मुलींसाठी वेगळी वही नको, त्याच वहीत त्यांचीही नावं हवीत.